साखळी सुटली तेव्हा

उकंडराव आणि भागवत या सख्ख्या भावांत चार वर्षं बोलणं नव्हतं. तरी मेहकरच्या बाजूला धरणात त्यांची बोट रोज संध्याकाळी फिरायची. थोरला उकंडराव ती चालवायचा, भागवत माणसं चढवायचा-उतरवायचा. जे काय बोलायचं ते भागवतच्या बायकोमार्फत. "कोकिळे, त्याले सांग, डिझल आण."

सूर्यास्त बघायला बोट मधोमध थांबवायची तर नांगर टाकावा लागे. तो वर घेतला की साखळीबरोबर तळाचा काळा गाळ यायचा आणि लोक नाकाला रुमाल लावायचे. साखळी घासायलाच आली होती. काम दोघांचं, आणि कोकिळा नेमकी माहेरी, धाड गावाला गेलेली.

सकाळी दोघं मुकाट्यानं बोट घेऊन निघाले. आधी सगळी साखळी पाण्यात सोडली. मग उकंडराव चरखी फिरवून ती थोडी थोडी वर घेऊ लागला. भागवत पुढे बसून तारेच्या ब्रशनं कड्या घासत होता, बादलीनं पाणी मारत होता. धुतलेली साखळी फळ्यांवर वेटोळी घालून पडत होती. भागवत थकला की ब्रश आपटायचा, उकंडराव थांबायचा. तेवढ्यावर भागत होतं.

साखळी जवळजवळ सगळी वर आली, नांगर तळापासून सुटला, आणि चरखीची खुंटी निसटली. दांडा उकंडरावच्या हातातून सुटून गरगरला. नांगराच्या ओझ्यानं साखळी खडखडत परत पाण्यात धावू लागली. एक वेटोळं भागवतच्या घोट्याभोवती होतं.

"भागवत, पाय! पाय काढ बे!"

भागवतनं पाय उपसला. चप्पल गेली. तिच्यामागून साखळीचं टोकही उसळून गेलं, आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

"टोक बांधलं नोतं?" भागवतनं विचारलं.

"नाही. तेही घासता यावं म्हणून मीच सोडलं होतं."

"मंग मले सांगाचं ना, भाऊ!"

"कसं सांगू?"

भागवतनं दोरीला दगड बांधून रिकामा डबा त्या जागी तरंगत सोडला. मग दोघांनी गावात जाऊन विहिरीतली बादली काढायचा गळ आणला. ऊन डोक्यावर येईतो गळ टाकणं आणि ओढणं चाललं. अखेर साखळी लागली. दोघांनी मिळून ती हातानं ओढून घेतली. पहिल्यापेक्षाही काळी.

भाकर खाताना उकंडरावनं विचारलं, "योगिनी कशी हाये?"

योगिनी म्हणजे भागवतची लेक. तिनं आपल्या मर्जीनं परजातीत लग्न केलं. बाप मांडवात उभा राहिला, काका गेला नाही, आणि घरातल्या कोणाला जाऊही दिलं नाही. बोलणं तिथंच तुटलं होतं.

भागवतनं घास संपवला. "बरी हाये. पोरगी झाली तिले. चालते आता."

"मले कोणी सांगतलं नाही."

"कोणी विचारलंही नाही."

उकंडराव उठला. या वेळी ब्रश त्यानं घेतला आणि चरखीवर भागवत बसला. खुंटीला दोरीचा फास मारला होता. संध्याकाळची फेरी झाली नाही. धक्क्यावर आलेली माणसं परत गेली. ऊन उतरलं तरी निम्मीच साखळी झाली होती.

"उरलेली उद्या करू," उकंडराव म्हणाला.

"उद्या मले जमत नाही. योगिनीकडे जाऊन राह्यलो." भागवतनं खुंटीचा फास आवळला. "तू येतं काय, भाऊ?"

उकंडराव वाकून पाण्यात हात धूत होता. गंज काही निघत नव्हता.

"परवा घासू मंग," तो म्हणाला.