मारिनाल्वाचं पुस्तक आणि माझं

मारिनाल्वाचं नाव कुणी काढलं की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात घरकाम करणाऱ्या बायांची संघटना मी उभी केली. ग्रासा या श्रीमंत वस्तीतल्या उंच इमारतींमध्ये नोकरांची लिफ्ट वेगळी. तिच्यात चढायचं, कचऱ्याची बादली घेतलेली एखादी काळी पोर दिसली की विचारायचं, "काय गं, तुझ्या नोकरीच्या पुस्तकावर मालकिणीची सही आहे का?" सही नसली तर त्या सरकारी पुस्तकाला काही अर्थ नाही; ना रजा, ना म्हातारपणीचं पेन्शन. एकेक बाई मी अशी जमवली. मारिनाल्वाही त्याच लिफ्टमध्ये रडताना सापडली मला. तिला रविवारच्या सभेला मी आणली, चारचौघांत बोलायला मी शिकवलं.

आणि आता? जिकडे तिकडे मारिनाल्वा. रेडिओवर ती. पत्रकारांपुढे ती. सही करत नाहीत म्हणून तीन घरं सोडली म्हणे हिने. मोठा पराक्रम! बावीस वर्षं एका घरात टिकून दाखव म्हणावं.

त्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, देशाची नवी राज्यघटना लिहिली जात होती. आमच्यातून जी अध्यक्ष निवडून येईल, ती राजधानीत, ब्राझिलियाला जाऊन मोठ्या सभागृहात बोलणार होती. विमानाने! उभ्या राहिलो दोघीच, मी आणि ती. बायांचे डोळे कुणाकडे वळतात ते मला दिसत होतं. मी आतल्या आत जळत होते.

मग मला एक सुचलं. सभेत उठले आणि म्हटलं, "उमेदवाराच्या पुस्तकावर मालकिणीची सही हवीच. पुढच्या रविवारी दोघींनी पुस्तकं टेबलावर ठेवायची."

"बरोबर बोलतेय वाल्देलिसी!" जाडी झेफा ओरडली. तिचा आवाज म्हणजे मासळीबाजार.

मारिनाल्वाला महिनाभर काम नव्हतं. तिचं पुस्तक कोरं असणार, अशी माझी पक्की खात्री होती.

माझं पुस्तक दोना इओलांदाच्या, म्हणजे माझ्या मालकिणीच्या कपाटात होतं. त्र्याहत्तर साली आमच्यासाठी सहीचा कायदा आला, तेव्हा मीच ते त्यांच्या हातात दिलं होतं. "सही केली हं वाल्दे," त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्याकडून हरवेल, माझ्याकडेच राहू दे." मला तेव्हा अक्षर ओळखीचं नव्हतं. विश्वास ठेवला. आमच्यातल्या किती जणींची पुस्तकं अशी मालकिणींच्या कपाटात पडलेली असतात!

शनिवारी ते मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात उघडलं. पहिल्या पानावर माझा तरुणपणीचा फोटो. पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचंही. एक अक्षर नाही.

"बाई, ह्यात सही नाही."

त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "अगं, तू आमच्या घरचीच ना? घरच्या माणसाला कसली आलीय सही?"

आणि मी काय बोलले असेन? "बरं," म्हटलं आणि घेवडा शिजत टाकला. शेकडो बायांना उत्तर कसं द्यायचं ते शिकवणारी मी! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

रविवारी मारिनाल्वाने पुस्तक ठेवलं. तीन घरं, तीन सह्या! भांडून, दिवसभर दारात उभी राहून, जाता जाता घेतलेल्या. झेफाने मोठ्याने वाचून दाखवल्या.

"आता वाल्देलिसीचं," कुणीतरी म्हणालं.

"ताईचं काय बघायचंय?" मारिनाल्वा म्हणाली. "ताईनेच तर आपल्याला सही मागायला शिकवलं. तिचं नाव लिहा, पुढे चला."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिचा तो भरवसा अंगावर उकळतं तेल पडल्यासारखा वाटला. घरी विसरले म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. पण तिची मेहेरबानी घ्यायची? मेले तरी नाही! मी पुस्तक काढलं आणि टेबलावर आपटलं.

झेफाने पानं उलटली. पुन्हा उलटली. "अगं बाई," ती म्हणाली, पहिल्यांदाच हळू आवाजात, "दिव्याखालीच अंधार!"

मारिनाल्वा निवडून आली. सगळ्यात शेवटी मी हात वर केला.

बाहेर पडताना तिने मला गाठलं. "ताई, बुधवारी येते तुझ्या बाईंकडे, सहीसाठी. पुढच्या दाराने."

"कीव नकोय मला तुझी."

"कीव कसली? अध्यक्षाचं कामच आहे ते. तूच सांगायचीस ना?"

बुधवारी बेल वाजली. खाली पहारेकऱ्याने म्हणे तिला नोकरांच्या लिफ्टकडे पिटाळायला बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "मी पाहुणी आहे, नोकर नाही." त्या मालकांच्या लिफ्टने मी बावीस वर्षांत गेले ती फक्त बाईंची पोरं कडेवर असताना. ऍप्रन बांधून दार मीच उघडलं. ती इस्त्रीच्या पांढऱ्या झग्यात उभी. नजर लागावी अशी दिसत होती मेली!

"वाल्दे, कोण आहे ही बाई?" दोना इओलांदा बैठकीतून म्हणाल्या.

मी म्हटलं, "आमच्या अध्यक्षा."

मारिनाल्वा बोलायला लागली. कायदा, तारीख, हक्क. शब्द माझे, क्रम माझा, श्वास घ्यायची जागासुद्धा माझी. आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलत होती!

बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या तोंडून ऐकू दे. मी तुला फसवलं, असं म्हणायचंय तुला?"

मारिनाल्वा एक पाऊल मागे सरली. आता माझ्याऐवजी ती बोलणार नव्हती.

"हो," मी म्हटलं. "फसवलंत. सही करा बाई, आणि तारीख खरी घाला. त्र्याहत्तरची."

मग बाईंनी पेन उचललं. सही करताना ओठ दाबून मारिनाल्वाकडे बघत मला म्हणाल्या, "हे असं बोलायला हिने शिकवलं वाटतं तुला?"

मी तोंड उघडायच्या आत मारिनाल्वा म्हणाली, "नाही बाई. मला हिने शिकवलं."

तिच्या जागी मी असते तर हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. ब्राझिलिया, विमान, रेडिओ, सगळं एकीकडे. त्या एका वाक्याचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा जन्मात कशाचा वाटला नाही.