लिनच्या बापाची तपकीर

अंगठ्यांत अकीक बसवण्यात खैरुद्दीनचं अर्धं आयुष्य दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात गेलं होतं, पण अकिकाची अशी बाटली त्याने कधी पाहिली नव्हती. ती आणली लिन नावाच्या म्हाताऱ्या चिनी खानसाम्याने. आगबोटीवर तो आजारी पडला, म्हणून त्याला दुबईत उतरवून इस्पितळात धाडत होते, आणि तिथे त्याला चोरीची धास्ती.

बाटली मुठीत मावेल एवढी. तोंडात करंगळी जाईना, तरी आतून दगड असा पोखरलेला की उजेडात धरावा तर पलीकडचं बोट दिसावं. दगडातला तपकिरी डाग कारागिराने काढून टाकला नव्हता, कोरून त्याचाच खेकडा केला होता. खैरुद्दीनने त्या कारागिरीपुढे कानाला हात लावले.

"मेरे बाप ने बनाया," लिन म्हणाला. आत बापाचीच चिमूटभर तपकीर उरली होती. "बाप गया, उसका बास है. खोलना मत."

"अमानत है. इन्शाल्ला, जैसी है वैसी मिलेगी."

दुकानात ठेवायला मन धजेना. त्याने ती घरी कोनाड्यात ठेवली आणि आईला सांगायचं तेवढं राहून गेलं.

जुम्म्याची नमाज पढून आला, तर आई, मैमुनाबी, दारातच उभी. डोळ्यांत सुरमा, तोंडभर हसू.

"खैरू, सुरमेदानी आणलीस आणि बोललासपण नाही? झाकणाला सळईच्या जागी चमचा आहे, पण चालतंय. आत कसली जुनी बुकणी होती, खलास, गुलाबपाण्याने धुऊन टाकली."

खैरुद्दीनने बाटली उजेडात धरली, आत सुरमा. मुलाने आपल्यासाठी काही आणलं म्हणून हरखलेल्या आईवर ओरडायचं तरी कसं? सुरमा धुऊन निघाला असता, दगडाला काय होतंय! पण तो वास आणायचा कुठून?

लिन बरा होऊन आला, तेव्हा खैरुद्दीनने काहीच लपवलं नाही. म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने बूच काढून हुंगलं, परत लावलं. "पानी किधर फेंका?"

मैमुनाबीने ओढणी तोंडाशी धरून अंगणातली रेती दाखवली. लिन उकिडवा बसला. चिमूटभर रेती नाकाशी नेई, टाकी, दुसरी घेई. थोड्या वेळाने मैमुनाबीही त्याच्याशेजारी बसली. बाटली धुताना तो वास तिच्या नाकात गेला होता. एक चिमूट हुंगून तिने त्याच्यापुढे धरली.

"भाई, ये देखो. ये है क्या?"

लिनने हुंगून नकारार्थी मान हलवली. तिने दुसरी उचलली.

खैरुद्दीन उभाच राहिला. तो वास कसा होता, हेही त्याला ठाऊक नव्हतं.