वीतभर माती

नमुना घेण्याआधी जमिनीवरचा पालापाचोळा झाडून टाकायचा, हे आमच्या प्रयोगशाळेत फरशी पुसणाऱ्या बाईंनाही ठाऊक आहे. मलाही होतं. तरी सहा वर्षांपूर्वी घाईत कुरणाच्या कडेच्या झाडांखालची माती मी पानांच्या चुऱ्यासकट चाळली. झाडांखाली कार्बन जास्त असल्याचा आकडा आला आणि मी सही ठोकली. त्या सहीवर, मातीत कार्बन साठवायच्या सरकारी योजनेत, अर्धं कुरण नांगरून एकाच जातीची झाडं लावली.

त्या कुरणात माझ्या मामाची गुरं चरायची. आता उरलेलं अर्धंही लागवडीला जाणार होतं आणि अहवाल पुन्हा माझाच हवा होता.

या वेळी मी कुदळ-फावडं घेऊन गेले. मामा म्हणाला, "यंदा खोदणार, की मागच्यासारखं खाजवून जाणार?"

मीटरभर खोदलं. कुरणात गवताची मुळं कमरेइतकी खोल आणि माती तिथवर काळी. नांगरून लावलेल्या झाडांखाली वीतभर काळी, खाली फिकट. नमुने भट्टीत जाळले. जळून वजन किती घटतं, त्यावरून कार्बन कळतो. वरच्या वीतभरात दोन्हीकडे सारखाच. मीटरभराचा हिशेब धरला तर झाडांखाली तिसरा हिस्सा कमी.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी कागद बाजूला सारला. "मीटरभर कोणी सांगितलं होतं? वीतभराचेच आकडे द्या. आणि पाचोळा कशाला झाडलात? शेवटी मातीतच जाणार ना तो?"

"मग ताटात वाढलेलं पोटात गेलं असंच धरायचं का, साहेब?"

"सही करायला दुसरा कोणीही मिळेल."

मिळेलच. असे लोक टेबलाटेबलाला बसलेत, मीही त्यातलीच. पण माझी जुनी चूक दुसरा कोणी कबूल करू शकत नव्हता, आणि सगळी योजना त्याच अहवालावर उभी होती.

योजनेच्या समितीची बैठक गावातच होती. तिथे मी उभी राहिले. पाचोळा कसा चाळला ते सांगितलं, जुना अहवाल लेखी मागे घेतला, नवे आकडे वाचले. साहेब पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. उरलेलं कुरण नांगरायचं नाही, असं ठरलं.

बैठक ऐकायला आलेल्या मामाने बाहेर विचारलं, "आणि गेलेलं अर्धं?"

"गवत परत आलं तरी खालची माती भरायला तुझा-माझा जन्म पुरणार नाही."

"सहा वर्षं गप्प होतीस," तो म्हणाला आणि गुरांकडे चालू लागला. माझ्यासाठी थांबला नाही. का थांबावं त्याने?