करंगळीभोवती वळणारा चष्मा

पास्तो गावात कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत चष्म्यांची सात दुकानं आहेत आणि सातही दुकानांत न मोडणारा चष्मा मिळतो. पण तो विकावा तर मिरेया बोतिनानंच, असं शेजारचे दुकानदारसुद्धा नाक मुरडत का होईना, कबूल करायचे. गिऱ्हाईक समोर बसलं की मिरेया काउंटरवरची तपकिरी फ्रेम उचलायची, तिचा नाकावरचा दांडा करंगळीभोवती वळवून दोन्ही काचा एकमेकींना टेकवायची आणि सोडून द्यायची. फ्रेम टुणकन सरळ! "वाकते, पण मोडत नाही बरं का," असं म्हणेपर्यंत समोरच्याचा हात खिशात गेलेला असायचा. दिवसातून पंधरा-वीस वेळा हा खेळ व्हायचा. एकच फ्रेम, एकच करंगळी.

काउंटरवरची ती फ्रेम विकायची नसे. चुकून विकली जाऊ नये म्हणून दुकानाचे मालक डॉक्टर एरासो तिच्या काडीला आतून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवत. डॉक्टर शिस्तीचे. अडचण आली की मात्र त्यांची शिस्त सोयीप्रमाणे वाकायची आणि पुन्हा टुणकन सरळ व्हायची.

अशीच अडचण सव्वा वर्षापूर्वी आली होती. उस्ताद लाउरेआनो होहोआ चष्मा घ्यायला आले होते. उस्तादांना गावात कोण ओळखत नाही? मोपा-मोपाच्या झाडाचा डिंक उकळत्या पाण्यात मऊ करायचा, दोघांनी हातांनी आणि दातांनी चारी बाजूंना ताणून कागदाहून पातळ पापुद्रा करायचा, तो लाकडी पेटीवर बसवायचा आणि पातीनं कापत कापत फुलं-पाखरं काढायची, हे त्यांचं काम. ताणायला समोर त्यांची धाकटी बहीण एर्मिला. ना त्यांचं लग्न झालं, ना तिचं. चाळीस वर्षं दोघं एकाच पापुद्र्याची दोन टोकं दातांत धरून समोरासमोर उभे. बोलायची सोयच नाही, म्हणून भांडण नाही, असं उस्ताद गमतीनं म्हणायचे.

त्यांना तपकिरी रंगच हवा होता. तपकिरी संपला होता. काली शहरातून नवा माल यायला महिना लागणार होता आणि उस्तादांच्या हातात लग्नाच्या पेट्या होत्या. डॉक्टर मिरेयाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काउंटरवरची दे. पुसून दे. त्या धातूला काय होतंय?"

मिरेयानं नखानं लाल ठिपका खरवडला, काचा बसवल्या आणि फ्रेम उस्तादांच्या नाकावर चढवली. ती उस्तादांना शोभलीही छान. मिरेयाच्या मनात पाल चुकचुकली होती, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

तीन आठवड्यांपूर्वी उस्ताद रुमालाची पुरचुंडी घेऊन परत आले. पुरचुंडीत चष्म्याचे दोन तुकडे होते, दांड्याशी बरोबर मधोमध मोडलेले. सोबत वॉरंटीचं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. मुदत संपून दोन महिने झाले होते.

"पोरी, तू तर म्हणाली होतीस मोडत नाही."

"हो ना उस्ताद. पण वॉरंटी एका वर्षाचीच असते. आता नवी घेतलीत तर निम्म्या किमतीत देते मी."

"किमतीचं राहू दे गं. माझ्या हातात पाती होती तेव्हा मोडला. पेटीवरच्या फुलाचं वाटोळं झालं. मोडला कशानं, ते सांग मला."

अशा वेळी काय बोलायचं ते डॉक्टरांनी तिला कधीच पढवून ठेवलं होतं. ते तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "कुणीतरी फार पिळला असणार, उस्ताद. पुसताना लोक पिळतात. त्यानंच जातो दांडा."

बोलता बोलता तिनं एक तुकडा उलटा केला. काडीच्या आतल्या बाजूला बिजागरीच्या खाचेत लाल रंगाचा कण अजून तसाच होता.

"पुसते तर एर्मिला," उस्ताद सावकाश म्हणाले. "रोज संध्याकाळी. मी कधी पुसलाच नाही."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आतल्या खोलीत डॉक्टर कुणाचे तरी डोळे तपासत होते, त्यांचा आवाज येत होता, आणि अकरा वर्षांची नोकरी होती. उस्तादांनी तुकडे पुन्हा रुमालात बांधले आणि निघून गेले. मिरेयानं त्यांच्या पाठीमागे दार लावलं.

आज ते पुन्हा आले होते. चष्म्याच्या मध्यावर पांढरी चिकटपट्टी, डाव्या अंगठ्यावर पातीचा वार.

"नवा दे बाई. याच्यातून सगळं वाकडं दिसतं."

"आणि एर्मिलाताई? त्या घरीच आहेत का?" विचारायचं नव्हतं, तरी मिरेयानं विचारलं.

"गेली. तुकेरेसला, भाचीकडे." उस्ताद खुर्चीत बसले. "मी तिला म्हटलं, दुकानात सांगितलंय, तूच पिळून पिळून मोडलास. ती म्हणाली, मी नाही. मी म्हटलं, म्हणजे ती पोरगी खोटं बोलते? तिचा काय फायदा खोटं बोलून? मग मला नको नको ते बोलायचं सुचलं. म्हातारी झालीस, हाताला अंदाज राहिला नाही, पापुद्रासुद्धा तुझ्याच बाजूनं फाटतो. ती ऐकून घेत राहिली. सकाळी गाठोडं बांधलं आणि बस धरली. माझा फोन घेत नाही."

"मग काम?"

"काम कसलं! एकट्यानं ताणता येतो का तो? एक टोक दाराच्या खिळ्याला अडकवून बघितलं. फाटला." त्यांनी चष्म्यावरची पट्टी दाबून घट्ट केली. "पण तू खरं सांगितलंस ते बरं केलंस पोरी. नाहीतर मी उगाच दुकानालाच नावं ठेवत बसलो असतो."

हे मात्र मिरेयाला सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिव्या खायची सवय होती तिला, त्यावरची वाक्यंही तोंडपाठ होती. या आभारावर तिच्याकडे वाक्य नव्हतं.

"उस्ताद, ताईंनी नाही मोडला."

"काय?"

"मी मोडला. तुम्हाला दिली ती काउंटरवरची फ्रेम होती. लोकांना दाखवायची. दोन वर्षं रोज मी ती करंगळीभोवती वाकवत होते. तुमच्या नाकावर येण्याआधीच तिचा जीव गेलेला होता. तुम्ही तुकडे घेऊन आलात त्या दिवशी मी ओळखली होती. ओळखूनही गप्प बसले."

आतल्या खोलीतला आवाज बंद झाला. "मिरेया," डॉक्टर आतून गोड आवाजात म्हणाले, "जरा आत ये बरं."

"येते डॉक्टर. आधी एवढं संपवते." ती जागची हलली नाही.

उस्ताद तिच्याकडे बघत राहिले. त्या पट्टी लावलेल्या चष्म्यातून त्यांना ती सरळ दिसत होती की वाकडी, कोण जाणे. "तीन आठवडे," ते शेवटी म्हणाले. "तीन आठवडे झाले ना गं."

"हो."

"तिला सांग. मला नको. तिला सांग हे."

त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. मिरेयानं स्वतःच्या फोनवरून लावला, आणि परका नंबर बघून एर्मिलानं उचलला. मिरेयानं काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, लाल ठिपक्यासकट. पलीकडे कुणाची तरी कोंबडी कलकलत होती.

"झालं सांगून?" एर्मिला म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मुली, मी मोडला नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मला नव्यानं काय सांगतेस?"

"ताई, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून..."

"तेच म्हणते मी. तुला तो दोन-तीनदा भेटलाय. माझ्यासमोर चाळीस वर्षं उभा आहे. चष्म्याचं मला काही नाही गं."

"ते इथेच बसलेत. देऊ फोन?"

"नको. नवा चष्मा देशीलच ना त्याला आता?"

"देणार ताई. एक पैसा न घेता, माझ्या पगारातून."

"मग पुसायलाही शिकव," एर्मिला म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" उस्तादांनी विचारलं. "येते म्हणाली?"

मिरेयाला खोटं बोलता आलं असतं. अकरा वर्षांचा सराव होता. "नाही उस्ताद. तसं नाही म्हणाल्या."

दारात आता डॉक्टर उभे होते, ओठ घट्ट मिटून. मिरेयानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं कपाटातून नवी तपकिरी फ्रेम काढली, वेष्टणातली, कुणाच्या बोटाला न लागलेली, आणि उस्तादांच्या जुन्या काचा काढून तिच्यात बसवल्या. सवयीनं हात फ्रेम करंगळीशी न्यायला निघालाच, तो तिनं अर्ध्यावर आवरला.

"ही न मोडणारी ना?" उस्तादांनी विचारलं.

"मोडते," मिरेया म्हणाली. "जपली नाही तर मोडते."

तिनं मऊ फडकं त्यांच्या हातात दिलं. चाळीस वर्षं पापुद्र्यावर पाकळ्या कापणारी बोटं ती, पण चष्मा कुठं धरायचा ते त्यांना कळेना. त्यांनी एक काडी मुठीत आवळली आणि काच खसाखसा घासायला घेतली.

"तसं नाही उस्ताद. दोन्ही हातांनी. दांड्याला बोट लावायचं नाही. कडेला धरायचं, हलकेच."

"ती असं करायची?"

"असंच करत असणार. नाहीतर माझ्या हातून निकामी झालेली फ्रेम चौदा महिने टिकलीच नसती."

उस्तादांचे हात थांबले. मग त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यापासून पुसायला सुरुवात केली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ते पुसत राहिले.