स्वतःच्या पैशांचे बूट

ठकीची आई शिवणकाम करायची. तिच्या दुकानात ठकी सुट्टीच्या दिवशी बटणं लावायची आणि मिळालेली मजुरी सायकलसाठी साठवायची.

एके दिवशी ठकीच्या मैत्रिणीचं घर जळालं. शाळेत मदत गोळा होऊ लागली, तेव्हा ठकीने आईपुढे हात पसरला.

“माझ्या वाट्याचं मी देऊन आले,” आई मशीन न थांबवता म्हणाली. “माझ्या पैशांवर तू दानशूर होणार होय?”

“माझे पैसे सायकलचे आहेत.”

“मग राहू देत. देणं मनापासून असावं, भिडेखातर नको.”

ठकीने हातातलं बटण खाली ठेवलं आणि म्हणाली, “तिचे बूटही जळाले, ती काकूच्या चपला घालून शाळेत येते. शाळेच्या शर्यतीत धावणार कशी?”

संध्याकाळी साठवलेले पैसे घेऊन ती बाजारात गेली. दुकानदाराशी भरपूर घासाघीस करून तिने बूट घेतले आणि मैत्रिणीला नेऊन दिले.

“तुझी सायकल लांबली ना गं?” मैत्रिणीने विचारलं.

“लांबू दे. तू जिंकलीस तर बूट माझ्या पसंतीचे होते, एवढं मला म्हणू दे.”

मैत्रीण हसली. बूट घालून ती गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेली.