शालिग्रामचा पहिला रंगीत रोल

मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यात बुऱ्हाणपूरच्या पानठेल्यांवर दुसरा विषय नव्हता. फोटोग्राफर शालिग्रामच्या डोक्यात मात्र एकच खूळ होतं, रंगीत फिल्म. शाहपूरचे केळीवाले कौतिकराव मुलीच्या लग्नाचे फोटो रंगीनच मागत होते. फिल्म धुवायला मुंबईला पाठवली तर परत कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून ती घरीच धुवायला शालिग्रामनं औषधांच्या पुड्या मागवल्या आणि एक रोल सरावासाठी घरच्यांवर काढला. फोपनारला मामांच्या केळीबागेत आई गोदाबाई आणि बायको सुमन यांना उभं करून भराभर फोटो काढले.

रविवारी सकाळी त्यानं मोरीतच मांडामांड केली. घमेल्यात कोमट पाणी, त्यात कालवलेल्या औषधांच्या बाटल्या. गोधडीखालच्या अंधारात चाचपडत फिल्म डबीत भरली. मग एकेक औषध घालायचं, हलवायचं, ओतून टाकायचं. मध्येच त्यानं फिल्म बाहेर काढली आणि सुमनला म्हणाला, "दिवा धर हिच्यावर."

"आजवर फिल्म धुताना दिवा लागला की अंगावर यायचात, अन् आता धर म्हणता?"

"रंगीतचं शास्त्र वेगळं आहे. या उजेडानंच पट्टीवर उलटं न येता सुलटं चित्र येतं. धर."

शेवटी ओली पट्टी त्यानं खिडकीपाशी दोरीला टांगली. एकेका चौकोनात केळीची पानं, आईचं नऊवारी, सुमनचं हसू. सगळं जसंच्या तसं! त्याला आनंद आवरेना.

"आई, ये लवकर! जशी बागेत उभी होतीस तशीच आलीस बघ!"

गोदाबाईंनी चष्मा पुसून पट्टीजवळ तोंड नेलं आणि त्या मागे सरकल्या.

"आरे शाल्या, मानसं हिरवी कशी रे? माझं तोंड पाह्य ना, पान्यातल्या शेवाळासारखं दिसून राह्यलं!"

शालिग्राम हसला. त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. पण सुमन हसत नव्हती.

"सुमन, तू सांग. चेहरे बराबर आहेत ना?"

ती आत जाऊन दोन चोळ्या घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरल्या.

"यातली लाल कोणती?"

"हा काय पोरखेळ?"

"सांगा तर खरं."

त्यानं उजवीकडच्या चोळीवर बोट ठेवलं. गोदाबाईंनी तोंडावर पदर घेतला. सुमननं नकारार्थी मान हलवली.

शालिग्राम मोरीच्या कठड्यावर बसला. दोन्ही चोळ्या त्यानं पुन्हा पाहिल्या, उजेडात नेल्या, उलट्या केल्या. दोन्ही एकाच मातकट रंगाच्या. एक जरा गडद, एवढंच.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून. लाल म्हणून हिरवं लुगडं आणलंत, अन् दुकानदारानं फसवलं म्हणालात. मग एका नवरीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोला हातानं रंग भरताना तुम्ही तिचे ओठ हिरवे केलेत. मी ते पुसले आणि म्हटलं, रंगाचं काम आता माझ्याकडे द्या."

"अन् मी समजत होतो, तुला हौस आहे म्हणून..."

"हौसही होती."

त्याला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. बराच वेळ तो सुमनच्या कपाळाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुझं कुंकू. ते फार लाल असतं का गं?"

"लालभडक."

त्यानं डोळे मिटून घेतले. बत्तीस वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडला आणि दोघींपैकी कुणी त्याला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच शाहपूरला गेला. कौतिकरावांना त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं, "भाऊ, मला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. फोटो मी काढीन. रंग बायको पाहील. नाही जमलं तर साधे काळे-पांढरे घ्या, नाहीतर दुसरा माणूस पाहा."

"तुम्ही? फोटोवाले?" कौतिकरावांनी विचारलं.

"मलाही कालच कळलं."

कौतिकरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग वहिनींनाही लग्नाला घेऊन या," ते म्हणाले. "खरे रंग मांडवातच पाहून ठेवतील त्या."

लग्नाआधी नवराबायकोनं आणखी दोन रोल खराब केले. शालिग्राम घड्याळ आणि पाण्याची ऊब सांभाळायचा. सुमन ओली पट्टी खिडकीशी धरून सांगायची, "अजून हिरवट आहे. पाणी जास्त तापलं असेल का?" तिसऱ्या रोलला ती नुसतीच पाहत राहिली.

"काय झालं? बोल ना!"

"माणसं माणसांसारखी आलीत," ती म्हणाली.

त्यानं पट्टी हातात घेतली. त्याला ती पहिल्या पट्टीसारखीच दिसली.