साधनाताईंची शीर

"घाबरू नकोस, माझा हात काही रडणार नाही," असं म्हणत साधनाताईंनी बाही वर सारली आणि कोपर टेबलावर टेकवलं.

हर्षाली तरीही सिरिंजचं टोपण काढत नव्हती. गंगापूर रोडवरच्या त्या लॅबमध्ये रीतच होती तशी. रक्त तपासायचा कोर्स करणारा नवा विद्यार्थी ट्रेनिंगला आला, की पेशंटला हात लावण्याआधी त्यानं पहिली सुई ताईंना, म्हणजे लॅबच्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियनला, टोचायची. रीत ताईंनीच घातलेली. पेशंट ओरडला की लॅबचे मालक असलेले डॉक्टर पोरांना झापत, पोरं बाथरूममध्ये जाऊन रडत, त्यापेक्षा हे बरं. त्यामुळे ताईंचा डावा हात आतल्या बाजूनं कायम काळानिळा असे. आमचं ट्रेनिंग सेंटर त्या हातावर चालतं, असं डॉक्टर कौतुकानं सगळ्यांना सांगत. कौतुकाला काही खर्च येत नाही.

हर्षालीचं दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ट्यूबमध्ये रक्त आलं. ट्यूबवर काय लिहायचं तेही ताईंनी शिकवलं. पेशंट असेल तर नाव आणि वय. आपला माणूस असेल तर नाव आणि पुढे नुसतं 'स्टाफ', म्हणजे बिल होत नाही.

हर्षाली मखमलाबादची. तिचे वडील गोटीराम आप्पा शेवंती पिकवत. पहाटे फुलांच्या टेम्पोत बसून ती बाजारापर्यंत येई आणि तिथून लॅबपर्यंत पायी. पहिल्याच आठवड्यात तिनं ताईंना हळूच विचारलं, "ताई, बसभाड्यापुरतं तरी देतील का हो सर?"

"शिकायला आलीस की कमवायला?" ताई म्हणाल्या. "शिकताना पैसे मागायचे नसतात. सोसलं की नोकरी मिळते."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं आणि प्रत्येक नव्या पोराला ते ऐकावं लागे. ब्याण्णव साली त्या स्वतः याच लॅबमध्ये वर्षभर फुकट राबल्या होत्या, काचपट्ट्या धुण्यापासून ते डॉक्टरांच्या मुलाला शाळेतून आणण्यापर्यंत. मग त्यांना पगार सुरू झाला. आपण सोसलं ते दुसऱ्यानंही सोसलं, की आपलं सोसणं अगदीच वाया गेलं नाही असं माणसाला वाटतं. ताईंना तसं वाटे, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

पोरगी मात्र गुणी निघाली. कुंभमेळ्याच्या गर्दीत ताई स्वतःच तापानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा हर्षालीनं अख्खी लॅब एकटीनं ओढली. एकही रिपोर्ट मागे आला नाही. तिचे ट्रेनिंगचे सहा महिने भरत आले तसं ताईंना राहवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या पगाराची रदबदली करायला त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, हर्षाली तयार झालीये. एकटी लॅब सांभाळते. तिला आता पगारावर घ्या."

"एकटी?" डॉक्टरांनी चष्मा काढला.

"अगदी एकटी. माझी गरजच पडत नाही तिला," ताई म्हणाल्या. आईनं लेकीबद्दल बोलावं तशा अभिमानानं बोलल्या त्या.

डॉक्टर म्हणाले, विचार करतो. त्यांनी खरोखरच विचार केला आणि आठवड्यानं ताईंना बोलावून घेतलं. नव्या मशीनचे हप्ते आहेत, समोरच दुसरी लॅब झालीये, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. ताईंचे यजमान सातपूरची कंपनी बंद पडल्यापासून घरीच होते. चूल पेटायची ती याच पगारावर. पण त्या क्षणी ताईंच्या तोंडून भलतंच निघालं.

"मग हर्षालीला पगार सुरू होणार?"

"छे. तिचं ट्रेनिंग सहा महिने वाढवलंय. तुम्हीच सांगता ना मुलांना, शिकताना पैसे मागायचे नसतात म्हणून." डॉक्टर हे टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं.

ताईंनी हर्षालीला बेसिनपाशी गाठलं.

"तू नाही म्हण," त्या म्हणाल्या. "तू थांबली नाहीस तर त्यांना मला ठेवावंच लागेल."

हर्षाली काचपट्ट्या घासत राहिली. "अन् माझ्या सर्टिफिकेटवर सही कोण करील? सरांनी आडवून ठेवलंय ते. आप्पांनी फीसाठी लय ओढाताण केली, ताई." मग नळ बंद करून ती हळूच म्हणाली, "तुम्हीच म्हणल्या व्हत्या ना, सोसलं का नोकरी मिळते."

ताईंनी शहरातल्या बाकीच्या लॅब पालथ्या घातल्या. सगळीकडे पांढरे कोट घातलेली फुकटची पोरं होती. सिन्नरच्या एका लॅबवाल्यानं तेवढं खुर्चीत बसवून घेतलं आणि म्हणाला, आधी दोन महिने बिनपगारी या, काम बघू, मग ठरवू.

शेवटच्या दिवशी पिंपळगावची प्रतिभा नावाची नवी मुलगी ट्रेनिंगला आली. ताई पर्स खांद्याला लावून निघाल्याच होत्या, तेवढ्यात केबिनमधून डॉक्टरांचा आवाज आला, "साधनाताई, जाता जाता तेवढं नव्या मुलीचं पहिलं टोचणं उरकून घ्या."

नाही म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण कोपर सवयीनं टेबलावर जाऊन टेकलंसुद्धा.

प्रतिभाची पहिली सुई चुकली. दुसरी नेमकी जुन्या काळ्या डागावर बसली आणि ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिसऱ्यांदा रक्त आलं. हर्षालीनं पुढे होऊन ट्यूब घेतली, तिच्यावर पट्टी चिकटवली, नाव लिहिलं आणि पेन थांबवलं. ती आता कामात पक्की झाली होती.

"ताई," मान वर न करता तिनं विचारलं, "वय काय लिहू?"

"सत्तेचाळीस," ताई म्हणाल्या.

कापसाच्या बोळ्यावर कोपर मिटून त्या जिना उतरल्या. स्टॉपवर पोचेपर्यंत रक्त कधीच थांबलं होतं, तरी हात तसाच मिटलेला होता. बस आली. दांडा धरायला हात उघडावा लागला असता, म्हणून त्यांनी ती बस सोडून दिली.